ढिली गादी

कारखान्यात तिला सगळे टाचणी म्हणत. काम करताना तिच्या ओठांत कायम दोन-चार टाचण्या धरलेल्या असत हे एक कारण. आणि टाचण्या काढल्यावर तोंडातून जे बाहेर पडे तेही काही फारसं बोथट नसे, हे दुसरं. ती बसच्या सीटच्या गाद्या भरायची आणि तिचा नवरा बस चालवायचा. म्हणजे त्या माणसाने उभी नोकरी बायकोने भरलेल्या सीटवर बसून केली, आणि ही गोष्ट ती त्याला अधूनमधून ऐकवल्याशिवाय राहत नसे.

"तुमची पाठ शाबूत आहे ती कुणामुळे?" ती विचारी.

ड्रायव्हर यावर मान डोलवी, कारण पाठ खरोखरच शाबूत होती.

झिजले ते तिचे खुबे. सीटचा सांगाडा जमिनीवर ठेवायचा, आपण एका अंगावर कलून बसायचं आणि दाताने दोरा तोडत टाके घालत जायचं, ही तिची पद्धत. तरुणपणी त्याचं काही वाटलं नाही. आता डावा खुबा दुखला की उजव्या कुशीवर वळायचं आणि उजवा ठणकला की पुन्हा डाव्या, अशी तिची झोप झाली होती. पाठीवर झोपायचं तर तिला श्वास कोंडल्यासारखं होई.

तिच्या कारखान्यात पास-नापासची परीक्षा एकच होती. मुकादमबाई येऊन भरलेल्या सीटवर तळहाताची थाप मारायची. ठप्प आवाज आला आणि हाताचा ठसा राहिला नाही, तर सीट पुढे जाई. ठसा राहिला तर मुकादमबाई खिशातून पांढरा खडू काढून सीटवर फुली मारी. फुलीची सीट दिवसभर भिंतीला टेकून उभी असे आणि येणारी-जाणारी प्रत्येक बाई विचारी, "कुणाची गं ही?" टाचणीच्या कामावर कधी फुली पडली नाही. एकदाही नाही. ढिली गादी म्हणजे कामचोराची गादी, हे नव्याने कामाला लागलेल्या प्रत्येकीला ती पहिल्याच दिवशी बजावून सांगे. काहीजणी रडत घरी गेल्या, पण शिकल्या.

कारखाना बंद झाला तरी चौघीजणी एकमेकींना धरून राहिल्या. मुकादमबाई, टाचणी आणि शिवणयंत्रावरच्या दोघी बहिणी. दरवर्षी त्या डोंगरापलीकडच्या तळ्यावर जात. बसमधून उतरून चढण चढायची, काठावर एकच मोठा तंबू ठोकायचा आणि चौघींनी त्यात ओळीने झोपायचं. झोपायचं म्हणजे बोलायचं. दिवे घालवून, वर कापडाकडे बघत, एकेकीचं वर्षभराचं साचलेलं बाहेर यायचं. त्यांचा नियम एकच, तोही मुकादमबाईने घालून दिलेला: जिचं ओझं तिच्या पाठीवर. कुणी कुणाचं अंथरूण उचलायचं नाही, म्हणजे कुणी कुणाच्या उपकारात राहत नाही.

गेल्या वर्षी टाचणीने आख्खी रात्र तंबूबाहेर दगडावर बसून काढली होती. मैत्रिणींना म्हणाली, सूर्योदय बघायला उठले होते. ड्रायव्हरला तर तिने तेवढंही सांगितलं नाही. पण तो स्टँडवर न्यायला आला होता, आणि बसच्या दारातून लोक कसे उतरतात हे ज्याने जन्मभर आरशात पाहिलं, त्याच्यापासून काय लपणार? ती दांडी दोन्ही हातांनी धरून, आडवी होऊन, पायरीवर आधी एक पाय आणि मग त्याच पायरीवर दुसरा असं करत उतरली. त्याने पिशवी तेवढी घेतली.

यंदा मुकादमबाईचा फोन आला तेव्हा तो शेजारीच मटार सोलत बसला होता.

"अगं, या वेळी विश्रामगृहातच राहू," मुकादमबाई म्हणाली. "खाटा आहेत, गरम पाणी आहे. दोन खोल्या घेते. तंबू काय, पुष्कळ झाला आता."

"कुणाला हव्यात खाटा?"

"सगळ्यांनाच."

"धाकटीलाही? ती तर दगडावर घोरते."

पलीकडे मुकादमबाई नुसतीच खाकरली. मग टाचणी म्हणाली, "थांब. रविवारपर्यंत थांब. मी सांगेपर्यंत खोल्या घेऊ नकोस."

फोन ठेवून तिने मटाराची एक शेंग उचलली आणि तशीच हातात धरून बसली.

"माझ्यामुळे चौघींचा तंबू जाणार हो," ती म्हणाली. "दोघी या खोलीत, दोघी त्या खोलीत. मधे भिंत. मग घरीच काय वाईट?"

ड्रायव्हरला बायकोचा राग ओळखीचा होता, टोमणे ओळखीचे होते. हा आवाज नव्हता. त्याला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती कामाला लागली. आधी अर्थातच स्वतःच्या हातची गादी. माळ्यावरून जुना फोम काढला, खाली कडक, वर मऊ, मधे मध्यम असे तीन थर जोडले, खोळ शिवली. गादी अशी झाली की ड्रायव्हर त्यावर सहज म्हणून टेकला आणि चहा गार झाला तरी उठला नाही. पण गुंडाळायला घेतली तर दोघांनी मिळून गुडघ्यांनी दाबूनही ती कपाटाएवढीच राहिली. पाठीवर बांधून टाचणी दारातून निघाली आणि दारातच अडकली.

"अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात," ड्रायव्हर मागून ढकलत म्हणाला, "तू दार पाहून अंथरूण शिवायला हवं होतंस."

"बोलू नका. ढकला."

मग शेजारच्या घरातून पातळ चंदेरी घडीची चटई उसनी आणली. पिसासारखी हलकी. दगडापेक्षा वीट मऊ खरी, पण टाचणी फरशीवर ती अंथरून कुशीवर वळली आणि "आई गं" म्हणून उठून बसली. खुब्याखाली फरशी जशीच्या तशी होती. चटई चांगली, पण ती पाठीवर झोपणाऱ्यांसाठी.

शेवटी दोघं तंबू-दोरखंडांच्या दुकानात गेले. दुकान चालवणारी बाई स्वतः डोंगर चढणारी, उन्हाने रापलेली, कमी बोलणारी. तिने खुब्यांची हकीकत नीट ऐकून घेतली आणि हवेची एक गादी काढली. गुंडाळली की पाण्याच्या बाटलीएवढी आणि फुगवली की चांगली पाच-सहा बोटं जाड.

"कुशीवर झोपणाऱ्याला जाडी लागते, काकू," ती म्हणाली. "सगळा भार एका टोकावर येतो ना. फक्त एक करा. पूर्ण फुगवा, वर आडव्या व्हा आणि मग थोडी हवा सोडा. खुबा आत बसला पाहिजे, पण जमिनीला टेकता कामा नये."

टाचणीने फुगवलेल्या गादीवर थाप मारली. ठप्प. ठसा नाही. तिचा चेहरा खुलला.

"हवा सोडा म्हणे," रस्त्यावर येताच ती फुसकारली. "गादी म्हणजे काय उपमर्द करायची वस्तू आहे? ढिली गादी..."

"कामचोराची गादी," ड्रायव्हरने वाक्य पुरं केलं. पुढचं त्याने गिळलं. टायरचं त्याला कळत होतं, पण गादीचा विषय या घरात त्याचा नव्हता. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने तिच्या कामात बोट घातलं नव्हतं, आणि म्हणूनच संसार इतकी वर्षं चालला होता.

शनिवारी दुपारी तिने ती गादी बैठकीच्या फरशीवर अंथरली, गाल फुगवफुगवून टणक केली, गुडघ्यांमधे गुंडाळलेला स्वेटर घेतला आणि कुशीवर झाली. ड्रायव्हर खुर्चीत पेपर धरून बसला. पेपरात त्याचं लक्ष नव्हतं. ती वळली. गादी इतकी ताठ की ती वरून घसरून फरशीवर आली. पुन्हा चढली. डावी कूस. उजवी कूस. तिचे ओठ टाचण्या धरल्यासारखे घट्ट मिटलेले.

"ही पण नाही," शेवटी ती कुशीवरूनच भिंतीकडे बघत म्हणाली. "उद्या सांगते तिला, घे खोल्या."

आणि डोळ्यांवर हात घेतला. थकून तिला डुलकी लागली, पण झोपेतही कपाळावरची आठी होतीच.

ड्रायव्हर तिच्याकडे बघत राहिला. मग पेपर बाजूला ठेवून तो रांगत गादीच्या कोपऱ्याशी गेला. भुसभुशीत रेतीतून बस काढायची तर टायरमधली थोडी हवा सोडावी लागते, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण बसला बायकोसारखी जीभ नसते. त्याने जीव मुठीत धरून तोटी उघडली. हवा हळूच सुटली. तिचा खुबा जरा खाली गेला, अजून जरा, आणि खांदाही. त्याने तोटी बंद केली. टाचणीने झोपेतच एक लांब श्वास सोडला, आपणहून कूस बदलली आणि घोरायला लागली.

ती उठली तेव्हा खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं होतं. उठल्या उठल्या सवयीने तिने गादीवर तळहात मारला. भप्प. ठसा तसाच राहिला.

"बघा!" ती कडाडली. "गळकी दिली बाईने. आत्ताच्या आत्ता परत करून येते!"

"गळकी नाही," ड्रायव्हर म्हणाला. "मी सोडली हवा."

टाचणीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्याने मनात सगळे देव आठवले.

"आणि तू झोपलीस," तो पुढे म्हणाला. "चांगली दुपारभर. खालच्या मजल्यावर ऐकू जाईल इतकी घोरलीस."

टाचणीने मग खुब्यावर हात ठेवला, जसा माणूस झोपलेल्या लेकरावर ठेवतो, जागं होऊ नये म्हणून. दुखत नव्हतं. ती आपल्या तळव्याचा गादीवरचा ठसा बघत बसली. ज्या गोष्टीसाठी तिने जन्मभर मान ताठ ठेवली, ज्यापायी पोरींना रडवलं, ती गोष्ट तिच्या दुखत्या खुब्याच्या कामाची नव्हती. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. ड्रायव्हरला वाटलं, आता गादी खिडकीबाहेर जाणार, आणि मागोमाग आपण.

"इकडे या," ती म्हणाली. "माझ्या खुब्याखाली हात घाला. फरशी आणि गादीच्या मधे."

"काय?"

"हात घाला म्हणते ना. मी हवा सोडत जाते. बोटांवर भार आला की सांगा."

मग संध्याकाळ होईपर्यंत ती फुगवत राहिली, आडवी होत राहिली, सोडत राहिली. बोटं चेंगरली की जास्त सुटली. बोटं मोकळी आणि खुबा आत, म्हणजे बरोबर. डाव्या कुशीला वेगळं, उजव्या कुशीला वेगळं. ड्रायव्हरची बोटं लाल झाली, पण त्याला उठवेना. पुष्कळ माणसं त्याने बसमधून नेली होती. या वयात, एका दुपारीत, आपलं आयुष्यभराचं खरं खाली ठेवून हाताला नव्याने शिकवणारं माणूस त्याने दुसरं पाहिलं नव्हतं. आणि ते आपल्या घरात राहतं याचा त्याला फार अभिमान वाटला. तोंडाने तो एवढंच म्हणाला, "हात काढू का आता?"

रविवारी सकाळी ती आधी दुकानात गेली. "तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं," दारात उभी राहून तिने सगळ्या गिऱ्हाइकांदेखत सांगितलं आणि उत्तराची वाट न बघता परत फिरली. मग मुकादमबाईला फोन. "खोल्या नकोत," एवढंच बोलली.

ती तळ्यावर निघाली त्या दिवशी गादी तिच्या पिशवीत तळाशी होती, आणि पिशवी तिच्याच पाठीवर. ड्रायव्हरला मात्र घरी चैन पडेना. फरशी घरची, ओल्या काठावरची जमीन निराळी. पुन्हा दगडावर बसली असली तर? परतीच्या दिवशी तो बसच्या कितीतरी आधी स्टँडवर जाऊन उभा राहिला.

बस आली. दार उघडलं. मुकादमबाई उतरली, दोघी बहिणी उतरल्या. मग टाचणी दारात आली. एक हात दांडीला, तोंड समोर. एका पायरीवर एक पाय, पुढच्या पायरीवर दुसरा. खाली.

"काय बघताय?" ती म्हणाली. "चला, भूक लागली आहे."

घरी आल्यावर तिने गादी वाळायला उलगडली. उशाच्या कोपऱ्यात पांढऱ्या खडूची मोठी फुली होती. ड्रायव्हर वाकून बघू लागला. एवढ्या वर्षांत पहिली. त्याने लगेच ओलं फडकं आणलं.

"हात लावाल तर बघा," टाचणी म्हणाली.

"अगं, पण फुली..."

"मुकादमबाईने मारली. म्हातारी अजून खडू खिशात घेऊन फिरते. पहाटे माझ्या उशाशी येऊन तिने थाप मारली म्हणे. ठसा राहिला. मग त्या दोघींना बोलावून त्यांच्यासमोर फुली मारली, आणि तिघी हसत सुटल्या."

"आणि तू काहीच बोलली नाहीस? तू?"

टाचणी फुलीशेजारी बसली. तिच्या तोंडावर जे हसू होतं ते ड्रायव्हरने लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी पाहिलं होतं, आणि मग फार क्वचित.

"मला जागच नाही आली हो," ती म्हणाली.