डॉलरचा मधला भाव शोधत वाई ते सांगली

"पुरतील. वर सहाशे उरतील," असं मी सुभेदारांच्या ओट्यावर बसून छातीठोकपणे सांगितलं, आणि त्या एका वाक्यामुळे आम्ही तिघं दुसऱ्या दिवशी सांगलीच्या रस्त्याला लागलो.

सुभेदार माझे वाईतले शेजारी. फौजेत असताना परदेशात शांतिसेनेत होते. तिथल्या भत्त्यातले पंधराशे डॉलर, शंभराच्या पंधरा नोटा, त्यांनी कपाटात जपून ठेवले होते. (दोन हजार डॉलरपर्यंत घरी ठेवलेले चालतात, मी नियम वाचून खात्री केली.) वहिनींना सहा-सात वर्षांपासून नीट ऐकू येत नाही. विश्रामबागेतल्या एका दुकानात दोन्ही कानांची यंत्रं पसंत करून ठेवलेली, किंमत एक लाख एकोणतीस हजार. मोबाईलवर डॉलर होता शहाऐंशी रुपये चाळीस पैसे. गुणिले पंधराशे, एक लाख एकोणतीस हजार सहाशे. मी दहावी नापास, धंदा पंखे-पंपांच्या जळालेल्या मोटारींत नव्या तारा भरायचा, पण वाइंडिंगचं सगळं गणित स्वतः शिकलोय. माझा गुणाकार चुकत नाही. याही वेळी चुकला नव्हता.

नऊला माझ्या गाडीतून निघालो. सातारा पस्तीस किलोमीटर, मध्ये आनेवाडीचा टोल. साताऱ्यात चलन बदलून देणारं एक दुकान दहाला उघडतं. काचेवर मोठ्या अक्षरात 'कमिशन शून्य'. आतल्या माणसानं नोटा मोजल्या आणि म्हणाला, "ब्याऐंशी नव्वद."

"मोबाईलवर शहाऐंशी चाळीस आहे."

"मग मोबाईललाच विका की."

वर त्यानं एक नोट बाजूला काढली. तिच्यावर लालसर डाग. "ही घेणार नाही. काय सांडलंय?"

सुभेदारांनी वहिनींच्या कानाशी ओरडून विचारलं. वहिनी त्याहून मोठ्यानं म्हणाल्या, "कुकू हाय त्ये! दर दिवाळीला लक्ष्मीपूजनात गठ्ठा मांडत हुते. वरच्या नोटंला लागणारच की!"

"काकू, देवीला चालतं, बँकेला चालत नाही."

मी नोटा उचलल्या आणि बाहेर पडलो. डॉलरमागे साडेतीन रुपये, म्हणजे पाच हजार दोनशे पन्नास. गाडीत बसताना सुभेदार म्हणाले, "गड्या, कमिशन न्हाई म्हनत हुता, मग त्यानं कापलं कुटनं?" मी काचेवरची पाटी पुन्हा एकदा वाचली आणि गाडी सुरू केली.

कराड ओलांडून पेठ नाक्याला हायवे सोडला. आष्ट्याच्या अलीकडे झुणका-भाकरी, एकशेवीस रुपये ताट, खर्डा लागेल तेवढा. आयर्विन पुलावरून सांगलीत शिरलो तेव्हा एक वाजला होता. यंत्रवाल्याची वेळ चारची.

सांगलीतल्या काउंटरवर चाळिशीच्या एक बाई होत्या. भाव सांगितला चौऱ्याऐंशी दहा. मी मोबाईल पुढे केला. त्यांनी न चिडता आपला संगणक माझ्याकडे वळवला.

पडद्यावर दोन आकडे शेजारी-शेजारी होते आणि दोन्ही हलत होते. पैसा वर, अर्धा पैसा खाली, थांबायचं नाव नाही. "हा घेणाऱ्याचा, हा विकणाऱ्याचा," बाई म्हणाल्या. "मोठ्या बँका आपसात कोट्यवधींचे व्यवहार करतात, म्हणून त्यांच्यात अंतर इतकं बारीक. तुमच्या मोबाईलवर दिसतो तो ह्या दोघांच्या बरोबर मधला. तिथं दुकान कुणाचंच नाही, काका."

मी बघतच राहिलो. या क्षणी जगात कुठं कुठं कोण कोण डॉलर घेतंय, कोण सोडतंय, आणि त्या सगळ्यांची ओढाताण सांगलीत एका टेबलावर थरथरताना दिसत होती! कास पठार मी चारदा पाहिलंय. त्याच्या तोडीचं मला इथंच दिसलं.

"आणि नोट म्हणजे माल," त्या पुढं म्हणाल्या. "तपासायची, जपायची, विमा काढून मुंबईला पाठवायची. तोवर भाव पडला तर तोटा आमचा. ते सगळं भावातच धरलेलं असतं. खात्यातून आले असते तर जास्त मिळाले असते."

त्यांचा विकायचा भाव होता सत्याऐंशी नव्वद. म्हणजे तिथंच डॉलर घेऊन तिथंच परत दिला तरी तीन रुपये ऐंशी पैसे गेले! वाचकहो, पाटीवरचं कमिशन वाचू नका. दोन्ही भाव विचारा आणि वजाबाकी करा.

सुभेदारांनी वजाबाकी ऐकली, मान हलवली आणि म्हणाले, "ताई, मधलं जरा आवळा की."

ताई हसल्या. तीस पैसे वाढवले. चौदा नोटा चौऱ्याऐंशी चाळीसनं, कुंकवाची ऐंशीनं. जीएसटीचे दोनशे तीन वजा जाऊन एक लाख पंचवीस हजार नऊशे सत्तावन्न. रक्कम मोठी म्हणून रोख नाही, खात्यात. ओळखपत्र आणि पॅन न्यायला विसरू नका.

तीन हजार त्रेचाळीस कमी पडत होते. शब्द माझा होता, म्हणून मी पाकीट काढलं. सुभेदारांनी माझा हात धरला. "ठेव त्ये आत."

विश्रामबागेत यंत्रवाला पेटी उघडून बसलाच होता. सुभेदार खुर्चीत ताठ बसले. "साहेब, तुमचा घ्यायचा भाव काय?"

"म्हणजे?"

"विकायचा ठाव हाय. घ्यायचा सांगा. मधलं किती, त्ये बघू."

यंत्रवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. दहा मिनिटांनी किंमत एक लाख चोवीस हजारांवर आली, बॅटऱ्या वर्षभर फुकट. सुभेदार मला म्हणाले, "ह्यो बी काउंटरच हाय रं." ते मला आधी सुचलं नाही, याची रुखरुख अजून आहे.

यंत्रं बसवली. सवयीप्रमाणे सुभेदार ओरडले, "आलं का ऐकू?" वहिनी दचकल्या. "आवं, हळू! भांडाय लागलाय का?"  परतीच्या वाटेवर त्या काच खाली करून बसल्या होत्या, वारा ऐकत.

या प्रवासातून हातात काय उरलं? डॉलरमागचे दोन रुपये कुठं गेले ते आता मला पैशापर्यंत सांगता येतं, आणि ते चोरीला गेले नव्हते हेही कळतं. माझा गुणाकार बरोबर होता, भाव माझ्यासाठी नव्हता. तो पडदा मात्र डोळ्यांपुढून हलत नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी चहाला बोलावलं. मी हा सगळा हिशेब कागदावर मांडून नेला होता. पहिलीच ओळ वाचली तर त्यांनी हात वर केला.

"भावजी, थांबा जरा. ह्यो पंखा तुमीच भरलाय न्हवं?"

"हो. तीन वर्षं झाली."

"लय खरखरतोय की वो!"

मी मान वर करून कान दिला. बेअरिंग गेलं होतं.