बारा व्होल्टचं दार

सातपूरच्या ज्या कारखान्यात मी नेटवर्क सांभाळते, तिथे दोन शेड आहेत. जुन्या शेडमध्ये ऑफिस, स्टोअर आणि माझी रॅकरूम, म्हणजे नेटवर्कच्या उपकरणांची खोली. नव्या शेडमध्ये मशिनं. मधे ट्रक वळवण्याएवढं अंगण, आणि अंगणाच्या कडेने भिंतीवरून गेलेल्या लोखंडी पाइपात दोन्ही शेडना जोडणारी नेटवर्कची केबल. मी नोकरीला लागायच्या आधीच ती टाकलेली होती. आत तांब्याच्या तारा, वरून धातूचं वेष्टण. दिसायला एकदम दणकट. या केबलने मला कितीतरी पावसाळे नाशिकला बांधून ठेवलं.

आभाळ जरा गडगडलं की तिच्या टोकांची उपकरणं मरायची. वीज आमच्याच छपरावर पडायला हवी असं नव्हतं. डोंगरापलीकडे कुठे पडली तरी माझ्या स्विचची, म्हणजे सगळ्या केबली जिथे जुळतात त्या डब्याची, दोन-तीन पोर्टं गेलेली असायची, नव्या शेडचे कॅमेरे बंद, हजेरीचं मशीन गप्प. मग माझा फोन वाजायचा. रविवार असो, सण असो, मी कुणाच्या पंगतीत बसलेली असो. मालकांनी एकदा स्पष्टच सांगितलं, "ढग असतील त्या दिवशी गाव सोडायचं नाही."

माझी आई पेठजवळच्या गावात एकटी राहते. पावसाळ्यात तिकडे ढग नाहीत असा दिवस शोधून सापडत नाही. शिवाय तिच्या घरात मोबाइलची रेंज येत नाही, म्हणजे मी तिथे गेले की कंपनीच्या लेखी गायबच. भाताच्या लावणीला ती फोन करायची. रेंजसाठी शाळेच्या टेकाडावर चढून यायची आणि विचारायची, "यंदा पण नाय येणार का गं?" मी खिडकीतून आभाळाकडे बघत काहीतरी कारण सांगायची. तिला काय सांगणार होते? एका केबलमुळे येत नाही म्हणून?

उपकरणं का जळतात ते मला कळलं होतं. दोन्ही शेडचं अर्थिंग वेगळं होतं. नव्या शेडमध्ये परदेशी मशीन बसवलं तेव्हा ते विकणाऱ्यांनी स्वतंत्र अर्थिंगचा आग्रह धरला होता आणि तसे वेगळे खड्डे खणून दिले गेले. दोन विहिरींत पाण्याची पातळी वेगवेगळी असावी आणि मधे एकच नळी टाकावी, तसं झालं होतं. एरवी फरक थोडाच असायचा. जवळपास वीज पडली की एका बाजूची जमीन क्षणभर भलत्याच व्होल्टेजला जायची, आणि तो फरक भरून काढायला करंटला सोपी वाट एकच होती. केबलचं ते धातूचं वेष्टण, जे दोन्ही टोकांना अर्थ केलेलं होतं. वाटेत माझे स्विच होते.

मी म्हणत होते, शेडच्या मधे फायबर टाका. काचेच्या धाग्यातून करंट जात नाही. दोन्ही अर्थिंग जमिनीखालून तांब्याच्या जाड पट्टीने जोडा, आणि पॅनलमध्ये विजेचा झटका जमिनीत वळवणारे सर्ज अरेस्टर बसवा. पण अर्थिंग म्हणजे इलेक्ट्रिकल विभाग, आणि त्या विभागाचे प्रमुख सटाण्याकडचे, निवृत्तीला आलेले इंजिनियर. मी त्यांना सर म्हणायची.

"माझ्या अर्थिंगची रीडिंग बघा," ते म्हणायचे. "दोन्हीकडची उत्तम आहेत. तुमचे स्विचच स्वस्तातले."

"सर, वेगवेगळी उत्तम आहेत. एकमेकांशी कशी आहेत ते मोजू या ना."

"मला शिकवू नका."

त्यांची रीडिंग खोटी नव्हती, आणि माझंही चुकत नव्हतं. मालक आमच्या दोघांकडे बघायचे आणि म्हणायचे, दिवाळीनंतर बघू. पुढे आमचं बोलणंच बंद झालं. जिन्यात समोरासमोर आलो तर दोघंही मोबाइलमध्ये बघायचो.

त्या वर्षी रॅकरूममधून काही सामान चोरीला गेलं, म्हणून मालकांनी दाराला चुंबकाचं कुलूप बसवून घेतलं. बाहेरून कार्ड दाखवायचं, आतून निघताना हिरवं बटण दाबायचं. खोली जिन्याखालची, तिन्ही बाजूंनी पत्र्याचं पार्टिशन. खिडकी नाही. दार बंद झालं की फोनचा टॉवर जायचा.

ऑक्टोबरातली दुपार होती. परतीचा पाऊस रोज चार वाजायच्या सुमाराला त्र्यंबकच्या बाजूने यायचा. मी आत एक नवीन पोर्ट लावत होते, हातात तारांना पिन बसवायचं क्रिम्पिंग टूल. गडगडाट ऐकू आला आणि मी आवरतं घेतलं. आवरते आहे तोच एक आवाज झाला, तो मी कानांनी ऐकला की दातांनी, सांगता येत नाही. रॅकच्या मागून निळी ठिणगी दिसली. दाराशेजारच्या कुलपाच्या डबीतूनही एक. दिवे गेले, एसी थांबला, आणि यूपीएस एका लयीत ओरडू लागला.

मी हिरवं बटण दाबलं. दार हललं नाही. पुन्हा दाबलं. मूठ धरून ओढलं. दार भिंतच झालं होतं.

पुढे कळलं ते असं: कुलूप बसवणाऱ्या एजन्सीने बाहेर पडायच्या बटणाची तार सरळ चुंबकाला न जोडता कुलपाच्या सर्किटमधून फिरवली होती. ते सर्किट नेटवर्कच्या वायरने माझ्या स्विचला जोडलेलं होतं. वीज केबलमधून स्विचमध्ये आली, स्विचमधून त्या सर्किटमध्ये, आणि ते जळून जिथल्या तिथे चिकटलं. चुंबकाला करंट मिळतच राहिला.

तेव्हा मला एवढंच कळत होतं की वास येतोय. जळलेल्या प्लास्टिकचा, गोडसर. टेबलावरचा फोन नेटवर्कवर चालणारा, तो मेलेला. मोबाइलला टॉवर नाही. मी दार बडवलं. बाहेर पत्र्यावर पाऊस एवढा कोसळत होता की मलाच माझा आवाज येईना.

यूपीएस बंद केला तर चुंबक सुटेल असं वाटलं. पण यूपीएसवर सर्व्हर होता, आणि सर्व्हर कधीही असा बंद करायचा नाही ही मालकांची सक्त ताकीद. खोटं कशाला सांगू, एवढ्या धुरातही माझा हात त्या बटणापाशी थांबला. आत कोंडलेली असतानाही मी परवानगी कुणाची घ्यायची हा विचार करत होते. मग मी ते दाबून धरलं. ओरडणं थांबलं, रॅकवरचे उरलेसुरले दिवेही विझले. दार तसंच. चुंबकाची स्वतःची बॅटरी वर कुठेतरी होती, हे तेव्हा आठवलं.

त्या काळोखात मी खाली बसले. गरम होत होतं. घशात तो वास. मला आईच्या घरातला कणगीमागचा कोपरा आठवला, लहानपणी लपाछपीत मी तिथे अडकले होते तो. मी मोठ्याने रडले. पावसात कोण ऐकणार होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. दारावर थाप पडली.

"आत कोणी आहे का?"

सरांचा आवाज. मधल्या फटीला तोंड लावून मी ओरडले, "मी आहे! दार उघडत नाहीये. आत काहीतरी जळालंय."

"आग आहे का?"

"ज्वाळा नाहीत. धूर आहे."

"मागे व्हा. रॅकला हात लावू नका. मेन बंद केलाय मी." मग दाराला धक्के बसले. एक, दोन, आणखी. दारालाही पत्रा मारलेला होता. "पहार मागवलीय," ते धापा टाकत म्हणाले. "नव्या शेडमध्ये आहे. आणायला गेलेत."

"सर, जाऊ नका."

 मग ते अहिराणीत बोलले, बहुधा त्यांच्याही लक्षात आलं नसावं. "मी आठेच शे. आठेच शे, बाई."

इतकी वर्षं मी त्यांच्या तोंडून मॅडमशिवाय काही ऐकलं नव्हतं. ‘इथेच आहे’ या एका वाक्याने मला श्वास घेता आला. श्वास आला तसं डोकंही चालू लागलं. मोबाइलचा टॉर्च लावला. दाराच्या वरच्या कडेला चुंबक, त्याच्यापासून चौकटीवरून गेलेली प्लास्टिकची पट्टी, पट्टीत तार. माझ्या हातातलं क्रिम्पिंग टूल मी अजून सोडलं नव्हतं. त्याला कापायचं पातं असतं.

"सर, चुंबकाची तार कापली तर?"

"सुटेल. बारा व्होल्ट आहे ती. काही होणार नाही."

"मघाशी त्याच डबीतून ठिणगी आली."

 बाहेर पुन्हा कडाडलं. 

"आता कडाडलं ते लांबचं होतं," ते म्हणाले. "तरी पुढचा गडगडाट होऊन जाऊ द्या. तो संपला की कापा. हात कोरडे आहेत ना? दुसरा हात कशालाच लावू नका. मी सांगतो तेव्हा."

आम्ही वाट पाहिली. दाराच्या अलीकडे मी, पलीकडे ते. गडगडाट आला, लांबत गेला, विरला.

"आता."

चौकटीच्या कडेला स्टूल ठेवून मी चढले, पट्टी उचकटली आणि डोळे मिटून तार कापली. कट् असा साधा आवाज झाला. दार लगेच आत ढकललं गेलं, कारण सर पलीकडून सगळा भार टाकून उभे होते. ते जवळजवळ आतच पडले. चिंब भिजलेले, चष्म्यावर पाणी. अंगणातून धावत आले होते. नव्या शेडमधली सगळी सिस्टिम बंद पडलेली बघून त्यांनी मला फोन लावला होता, आणि तो लागेना म्हणून स्वतःच आले. "तुम्ही फोनवर सापडला नाहीत असं कधी झालंय का?" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून मोजलं. अंगणात एक लांब तार सोडली, मीटरचं एक टोक या शेडच्या अर्थला, दुसरं त्या शेडच्या. आकाश निरभ्र होतं, तरी मीटरने फरक दाखवला. सर बराच वेळ बघत राहिले. मग मालकांना बोलावून म्हणाले, "मॅडमचं केबलचं बरोबर आहे. आणि पट्टी किती जाड टाकायची ते मी सांगतो." मालक माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हते. दिवाळीच्या आधीच फायबर पडलं, पट्टी पुरली गेली, पॅनलमध्ये अरेस्टर बसले. चुंबक काढून साधी कडी लावली.

पुढच्या पावसाळ्यात एकही पोर्ट गेलं नाही. लावणीला मी आईकडे जाऊन आले. पहिल्या रात्री फोन वाजत नाही म्हणून झोप लागेना.

पण रॅकरूममध्ये मला जाता येईना. दारापर्यंत जायची आणि तो गोडसर वास यायचा, जो तिथे नव्हताच. घरी बाथरूमची कडीसुद्धा लावत नसे. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. एकदा अशीच दारात उभी होते, तर सर जिन्यावरून उतरले.  दाराला पाठ टेकून उभे राहिले आणि मोबाइलवर बातम्या वाचू लागले. मी आत गेले, काम केलं, बाहेर आले. ते म्हणाले, "झालं? चला." पुढे कितीतरी महिने आमचं असंच चाललं. मला आत जायचं असलं की इलेक्ट्रिकलला फोन करायचा, "सर, जरा येता का?" आणि ते यायचे.

आता ते निवृत्त होऊन गावी गेलेत. मी अजून तिथेच आहे. आत जाताना उघड्या दाराला स्टूल लावून ठेवते, आणि काम करता करता मधेच मागे वळून ते जागेवर आहे ना, हे बघते.