उजव्या बाजूची बाई

माझा स्वभाव संशयी आहे आणि त्याचं मला कधी वाईट वाटलेलं नाही. दूधवाला जरा जास्त हसून बोलला की मी दुधात बोट बुडवून बघते. नवरा लवकर घरी आला की कामावर काहीतरी बिनसलंय असं धरून चालते, आणि उशिरा आला तर मग विचारायलाच नको. नायगावला माहेरी माझी आई म्हणायची, "हिला देव भेटला तरी ही त्याला इचारंल, कुठून आलास आन् कशाला आलास." तिला ती तक्रार वाटायची, मला शाबासकी वाटायची.

लग्नानंतर आम्ही नांदेडला होतो. नवरा तिथे एका वर्कशॉपात मेस्त्री होता. मग लातूरचा वेगळा जिल्हा झाला. नव्या कचेऱ्या आल्या, साहेब आले, साहेबांच्या जीपा आल्या, आणि जीपा-ट्रॅक्टर विकणारं एक मोठं शोरूम अहमदपूर रोडला उघडलं. त्यांना हाताला वळण असलेले मेस्त्री हवे होते, म्हणून आम्ही बिऱ्हाड उचलून लातूरला गेलो. नवा जिल्हा आणि दुष्काळ, दोन्ही आमच्या वाट्याला एकदमच आले. आमच्या गल्लीतला नळ आधी खाकरायचा, मग नुसती हवा सोडायचा आणि मग दिवसभर गप्प. गल्ली सगळी मेस्त्र्यांचीच होती. रोज सकाळी ते सगळे रिकाम्या घागरी घेऊन कामावर जायचे आणि संध्याकाळी भरून आणायचे. "वर्कशॉपच्या हौदातलं हाय," नवरा म्हणायचा. सगळ्या गोष्टींत नाक खुपसणारी मी, पण पाण्याच्या बाबतीत मात्र चौकशी केली नाही. आलेल्या पाण्याला कोण कशाला उलटं विचारेल?

त्याच सुमाराला मोंढ्यातल्या एका बड्या अडत्याच्या मुलानं मुंबईहून परदेशी गाडी आणली. लालभडक, दोनच दारांची, आणि इतकी बसकी की शेजारी उभं राहिलं तर तिचं छत आपल्या कमरेला लागावं. अडत्या स्वतः साधा माणूस, कपाळावर भस्माचे पट्टे, सोमवार कडक पाळणारा. त्याला ती गाडी अजिबात पसंत नव्हती. सुनेनं त्या गाडीत पाय ठेवायचा नाही असं त्यानं घरात बजावून ठेवलं होतं, ही बातमी गाडीच्या आधी गावभर फिरली होती. दुष्काळाच्या धुळीनं त्या गाडीचं नाकतोंड पार गच्च झालं आणि ती शोरूमच्या वर्कशॉपात आली. बाकीचे मेस्त्री लांबूनच बघत राहिले. हात लावला तो माझ्या नवऱ्यानं.

गाडी दुरुस्त झाली की मेस्त्रीनं ती रस्त्यावर पळवून बघायची, त्याला ट्रायल म्हणतात. त्या दुपारी तो लाल गाडी ट्रायलला घेऊन गेला, आणि परत येताना वळणावर दुष्काळी कामाच्या खडीच्या ढिगावर चढवून बसला. गाडीचं तोंड चेपून गेलं. लोक जमले, कुणीतरी पुढचं झाकण उचकटलं, तर आत इंजिनच नाही. अडत्याचा मुनीम तिथेच बोंबलत सुटला की वर्कशॉपवाल्यांनी इंजिन चोरून विकलं. त्या गाडीचं इंजिन पाठीमागे असतं हे त्याला पटवून देईपर्यंत अर्ध्या गावाच्या तोंडी चोरी झालेली होती. म्हणजे संशयी मी एकटी नव्हते. तेव्हा लातुरात कुणाचाच कुणावर भरवसा नव्हता. टँकरवाल्यावर नव्हता, नव्या साहेबांवर नव्हता आणि आभाळावर तर नव्हताच.

माझ्यापर्यंत बातमी आली ती वेगळ्या रस्त्यानं. खडीच्या ढिगासमोर एक पानटपरी होती. त्या टपरीवाल्यानं आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकल टेकवली आणि मला ऐकू जाईल असंच बोलला. "गाडी एक बाई चालवून ऱ्हायली होती. डोळ्यांनी बघितलं म्या. हिरवी साडी, डोईवर पदर. मेस्त्री बाजूला बसला होता, तिला हातानं धरून."

मी हातातलं निवडणं टाकलं आणि उंबऱ्यावर नवऱ्याची वाट बघत बसले.

नवरा आला तो मनगटाला पट्टी बांधून. चेहरा उतरलेला होता. मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

"कोन होती ती?"

"कोन न्हवती."

"टपरीवाल्याला दिसली आन् तुम्हाला न्हाई दिसली?"

"ऊन लई होतं. खामखा डोकं नको खाऊ."

"घागर कुठंय?"

"ऱ्हायली तिकडंच."

एवढं बोलून तो भिंतीकडे तोंड करून पडला. खोटं बोलणारा नवरा परवडतो, त्याला पकडता तरी येतं. गप्प बसणाऱ्याचं काय करावं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी घरभर भांडी आदळली, त्यानं कूस बदलली नाही. आता या घरात राहायचं की नाही, एवढा एकच प्रश्न माझ्यापुढे होता. सकाळी तो कामावर गेला तसं मी नायगावला जायचं ठरवलं आणि कपडे भरायला ट्रंक उघडली. माझी हिरवी इरकली साडी जागेवर नव्हती. माहेरची साडी होती ती. पहिल्याच धुण्यात रंग उतरला म्हणून मीच चिडून तळाशी टाकली होती. पण टाकलेली झाली तरी ती माझी होती. म्हणजे या माणसानं माझी साडी नेऊन त्या बाईला नेसवली. मला रडू आलं नाही. मला तिचं घर शोधून तिथे जायचं होतं.

तेवढ्यात शेजारच्या मेस्त्रीची बायको दारात आली. देगलूरकडची, चांगली धिप्पाड बाई. तिनं पदराखाली काहीतरी मोठं झाकलं होतं. ती इकडेतिकडे बघत आत शिरली, दार लोटलं आणि म्हणाली, "वैनी, तुमची सवत आणलीया. घ्या, धरा झिंज्या."

पदराखालून निघाली आमची घागर. पोटाला पोचा पडलेला, आणि तोंडावर माझी हिरवी साडी घड्या घालून, खालीपर्यंत सोडून, काथ्यानं करकचून बांधलेली.

तिनं सगळं सांगितलं. साडी बांधली होती ती पाणी हिंदकळून गाडीत सांडू नये म्हणून. हौद वगैरे काही नव्हता. अहमदपूर रोडला एका मळ्यातल्या विहिरीला अजून पाणी होतं, आणि ट्रायलची प्रत्येक गाडी, मग ती जीप असो की ट्रॅक्टर, त्या विहिरीवरून फिरून यायची. शोरूमच्या मालकाला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या दिवशी ट्रायलला गाडी एकच होती, ती लाल. मेस्त्री वर्कशॉपातून धावत गेले आणि धुरळा बसायच्या, मालक पोचायच्या आत त्यांनी घागर काढून लपवली.

"घरी सांगायचं न्हाई असं समद्यांचं ठरल्यालं हाय," ती म्हणाली. "घागर आमच्याकडं लपवली म्हून मला कळलं." "मालकाला कळलं तर उद्यापासनं ट्रायलच्या गाडीत मानूस बसवंल. मग गल्लीनं काय प्यायचं?"

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. गोष्ट चांगली होती, फार चांगली होती, म्हणूनच मला पटेना. पोचा कुठेही पडतो. साडी नंतरही बांधता येते. आणि टपरीवाल्यानं बाईला स्टेअरिंगच्या जागेवर बघितलं होतं. घागर गाडी चालवते का? पुरुषांनी रचलं आणि हिच्या तोंडून वदवलं, असं माझं मन म्हणालं. मी घागर पलंगाखाली सारली आणि तशीच वर्कशॉपवर गेले.

लाल गाडी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. मी ताडपत्री वर केली आणि काचेतून आत पाहिलं. स्टेअरिंग डाव्या बाजूला होतं. परदेशी गाडीला ते तसं असतं, हे मला किंवा त्या टपरीवाल्याला कुठून माहीत असणार. उजवीकडची, आपल्याकडे ड्रायव्हर बसतो ती जागा, म्हणजे शेजारच्याची जागा होती. तिथल्या मऊ सीटवर घागरीच्या बुडाचा गोल उमटला होता, आणि त्यावर सीटचा रुंद पट्टा आडवा बांधलेलाच होता. त्या माणसानं घागरीला पट्टा बांधून बसवलं होतं. तरी वळणावर ती कलंडली असणार. तेव्हा त्यानं स्टेअरिंगचा हात काढला आणि तिला धरलं. लाखमोलाची गाडी सोडून त्यानं पाणी धरलं. मला आधी हसू आलं, मग त्याचा भयंकर राग आला, आणि मग तिथेच पत्र्याला टेकून मी चांगली हुंदके देऊन रडले.

डोळे पुसते तोच मालकांचा माणूस आला. म्हणाला, "बरं झालं तुम्हीच आलात, साहेब बोलवून ऱ्हायले."

केबिनमध्ये शोरूमचे मालक होते, भस्म लावलेला अडत्या होता, आणि कोपऱ्यात माझा नवरा उभा होता. त्यानं मला पाहिलं आणि मान खाली घातली.

"वहिनी, बसा," मालक म्हणाले. "गाडीत बाई होती असं सगळं गाव म्हणतंय. हा म्हणतो ती बाई म्हणजे तुम्ही. बायकोला चक्कर मारून आणली, म्हणतो. खरंय का? का दुसरीच कुणी होती?"

म्हणजे मी घरात ट्रंक उपसत होते तेव्हा यानं इथे माझंच नाव घातलं होतं, मला न विचारता. मी नाही म्हटलं असतं तर तो बाहेरख्याली ठरून नोकरीवरून घरी बसला असता. खरं सांगितलं असतं तर गल्लीचं पाणी गेलं असतं. आणि हो म्हटलं तर परक्याच्या गाडीत मिरवणारी बाई म्हणून मी गावभर. तिन्ही गोष्टी मी नीट बघितल्या. मग खुर्चीवर बसले.

"मीच होते," मी म्हणाले.

अडत्या इतका वेळ माझ्याकडे बारीक डोळे करून बघत होता. माझ्याइतकाच संशयी माणूस तो, मी लगेच ओळखलं. तो सावकाश म्हणाला, "गाडीचं एवढं वाटुळं झालं, आन् तुमाला खरचटलंबी न्हाई?"

"मला त्यांनी धरलं होतं."

अडत्यानं मान वळवली. त्याची नजर नवऱ्याच्या पट्टी बांधलेल्या मनगटावर गेली आणि तिथेच थांबली. मग उठून पायात वहाणा सरकवत तो मालकांना म्हणाला, "बायकूला धरायला गेला म्हून स्टेरिंग सुटलं. जाऊ द्या. पोराला म्या आधीच सांगितलं होतं, ही गाडी आपल्या घरची न्हाई."

नोकरी राहिली, पण नवऱ्याची ट्रायल कायमची बंद झाली. घरी येताना मी रस्त्यात त्याला विचारलं, "मला एका शब्दानं सांगितलं असतं तर काय झालं असतं?"

"तू टपरीवाल्याशी भांडाया गेली असतीस," तो म्हणाला. "आन् भांडता भांडता समदं सांगितलं असतंस."

हे खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

ट्रायल गेली तसं आमच्या घरचं पाणीही गेलं. दुसऱ्या सकाळी मी टँकरच्या रांगेत जाऊन उभी राहिले. बाया एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. एकीनं तर तोंडावरच विचारलं, "बाई, गाडी चालवताना कसं वाटलं वं?" मी सांगितलं, "ब्रेक सापडला न्हाई, म्हून खडीवर थांबवली." त्या हसल्या, मीही हसले, पण कान तापले होते माझे.

तेव्हा तो आला. कामाचे कपडे, दुखऱ्या हाताची पट्टी तशीच, चांगल्या हातात घागर. आमच्याकडे पुरुष पाण्याच्या रांगेत उभे राहत नसत. मेस्त्री तर नाहीच नाही. बायांनी सरकून जागा केली. तो माझ्या मागे येऊन उभा राहिला. एवढ्या बायांच्या घोळक्यात हा कुणाकडे बघतो, ते मी सवयीनं मान वळवून पाहिलं. तो टँकरच्या नळीकडे बघत होता, आणि आमचा नंबर येईपर्यंत त्यात काही उरतं का, याची त्याला काळजी पडली होती.