पेटीवर ठेवलेला फ्यूज

गुरुवार, ६ मार्च, सकाळी दहा वाजून दहा मिनिटे. दूरध्वनीवर आमच्या कंपनीतला जुना मेकॅनिक गोवेकर होता. "सर, मिलिंद गेला. ठाकूरद्वारच्या बिल्डिंगमध्ये. लिफ्टच्या खड्ड्यात उतरला होता..." मी एकच प्रश्न विचारला. फ्यूज कुठे होता? गोवेकर म्हणाला, "पेटीवर. लिफ्ट बंद दिसली म्हणून कुणीतरी लावून टाकला."

मिलिंद जाधव भायखळ्याच्या चाळीतला. एकविसाव्या वर्षी माझ्या हाताखाली आला. लिफ्टदुरुस्तीच्या त्या कंपनीत नवी माणसे तयार करण्याचे काम तेव्हा माझ्याकडे होते. पद्धत ठरलेली होती. पहिले सहा महिने हत्याराला स्पर्श करायचा नाही. हात पाठीमागे बांधून दुसऱ्याचे काम पाहायचे आणि संध्याकाळी त्याचे काय चुकले ते मला सांगायचे. सर्वांत आधी पाहायचे ते हे, की खड्ड्यात उतरण्यापूर्वी जिन्याखालच्या पेटीतला लिफ्टचा फ्यूज काढून मेकॅनिकने स्वतःच्या खिशात ठेवला की नाही. तो खिशात असला, की आपण वर येईपर्यंत लिफ्ट कुणालाही सुरू करता येत नाही. मिलिंदची नजर बारीक होती. तो दिसला की मेकॅनिक म्हणत, "आले रे जजसाहेब, नीट काम करा!"

त्याच्या परीक्षेच्या दिवशी पाहणारा मी होतो. त्याने फ्यूज काढला, पेटीवर ठेवला आणि खड्ड्याकडे निघाला. मी थांबवले.

"जाधव, फ्यूज?"

"तुम्हीपण तिथेच ठेवता, सर. सहा महिने बघतोय."

शेजारी उभा असलेला गोवेकर फिसकन हसला. ते खरे होते. खिसा फाटतो म्हणून मी कित्येक वर्षे सांगत एक होतो आणि करत दुसरे होतो. ही चूक शेऱ्यात लिहिली असती, तर त्याला आणखी सहा महिने उभे राहून पाहावे लागले असते. आणि तो हे कुणाकडून शिकला, हेही वरिष्ठांनी विचारले असते. मी 'उत्तम' असे लिहून सही केली.

माझ्या निवृत्तीनंतर ते काम त्याच्याकडे गेले. भेटला, की "जय भीम, सर" म्हणे आणि सांगे, "माणसं तुमच्याच पद्धतीने तयार करतोय." मला अभिमान वाटे. आज पाच आठवडे मी त्या वाक्यापाशी थांबलो आहे. त्याच्याकडे पाहून शिकलेली माणसे याक्षणी कोणकोणत्या खड्ड्यांत उतरत असतील, मला ठाऊक नाही...

फोन आला त्याच दिवशी भायखळ्याला जाऊन आलो. त्याच्या पत्नीने मला बसायला खुर्ची दिली. "तुमचं नाव सारखं काढायचे," म्हणाली.

गिरगावात घरी आलो, तर न्हाणीतला दिवा लागेना. होल्डर जळला होता. मेनचा फ्यूज काढला, नवा होल्डर घेतला आणि स्टुलावर चढलो. तिथून पाहिले. फ्यूज मीटरच्या पेटीवर होता... हाताने तो नेहमीच्या जागी ठेवला होता. मी खाली उतरलो, फ्यूज खिशात टाकला आणि होल्डर बदलला.