सांध्यांची पावडर आणि पांडवलेणीच्या पायऱ्या

कुत्र्यांसोबत धावणाऱ्या मंडळींनो, आज सकाळी पांडवलेणीच्या अर्ध्या पायऱ्यांवर आमचा बंड्या कुत्रा एकदम खाली बसला. मागचा पाय टेकवेना. हे होते तेव्हा दोघं रोज वर जायचे. हे गेल्यापासून मी त्याला नेते.

कोणीतरी उचलून रिक्षात ठेवला. दवाखान्यात शिरताच मी म्हटलं, "सांध्यांची पावडर रोज देते हो, डॉक्टर!"

"काकू, पावडर कुणाला लागू पडते, कुणाला नाही. तिच्या भरवशावर पायऱ्या चढवायच्या नाहीत. हाड शाबूत आहे, नशीब समजा. सपाटीवर फिरवा आणि पोळ्या कमी करा त्याच्या!"

तुमच्या पळणाऱ्या कुत्र्यांना पावडरीने खरंच फरक पडला का? बरा झाला की बंड्या पट्टा तोंडात धरून दारात उभा राहील. वर जायला त्याला नाही कसं म्हणू?