दोन बोटांचा कायदा

१४ मार्च, मंगळवार. सकाळी सिलिंडर संपला, दुसरा लावला. पिशवीचा बंद शिवून घ्यायला शेजारणीकडे गेले, तर तिच्या दाराबाहेर चक्क तिच्याच जावयाचं जाळं टांगलेलं!

आमची ही शेजारीण तलावावरच्या सगळ्यांची जाळी दुरुस्त करते. फाटकं जाळं आलं की आधी त्याच्या विणीच्या भोकात दोन बोटं घालते. गेली, तर सुई हातात घेते. अडकली, तर अक्षर बोलत नाही. जाळं बाहेरच्या खुंटीला लटकवते. मालकाला ते चारचौघांसमोर काढून न्यावं लागतं. माशांची बारकी पिल्लं धरू नयेत अशी सरकारी पाटी तलावाकाठी आहे. तिच्यावर लोक बनियन वाळवतात. खुंटीला मात्र सगळे टरकून असतात.

जावई यंदाच मासेमारीत पडलेला. आमच्याकडे मासे तोच देतो. लेक काकुळतीला आली होती. "आई, ह्यांच्यापुरते डोळे मिट ना. घरचंच माणूस आहे."

"घरचं आहे म्हणून तर! आज ह्यांचं शिवलं की उद्या रांग लागेल. मग पुढच्या वर्षी तलावात नुसते पाय धुवा सगळे."

"ते पुन्हा या घरात पाऊल टाकायचे नाहीत, बघ!" म्हणत लेक आत जाऊन भांडी आपटू लागली. शेजारीण शिवतच राहिली. पण माझ्या पिशवीचा बंद तिने उलटा शिवला, यावरून काय ते ओळखा.

जावई आला तेव्हा ओट्यावर मंडळी जमलेलीच होती.

"जावईबापू, मच्छरदाणी झकास हो!" म्हातारा नावाडी म्हणाला.

"छे, चहाची गाळणी असेल," दुसरा.

जावयाचे कान लाल. जाळं ओढून काढलं आणि तरातरा निघाला. शेजारणीची सुई थांबली.

"अहो, रागावता कशाला?" नावाडी ओरडला. "माझंही लटकलंय त्याच खुंटीला."

"माझंही."

"माझं दोनदा," तिसरा जरा ऐटीतच म्हणाला.

जावई थबकला. मग वळून, मान खाली घालूनच बोलला, "आई, मोठ्या भोकांचं विणून द्याल?"

"देईन की. तोवर घरी बसा. आणि आधी चहा घ्या."

आतली भांडी एकदम शांत झाली.

संध्याकाळी मासे आले नाहीत. बटाटे उकडले.