विन्स्टन गाणं अर्ध्यात का थांबवतो

"मॅडम, तुमच्या सिंगरला स्वतःचीच गाणी येत नाहीत."

शुक्रवारची दुपार होती. आमचे लेबनीज मॅनेजर मिस्टर नबील माझ्या टेबलासमोर उभे होते. बाहेर पूलसाइडला बँड वाजत होता आणि त्याच्या बासने माझ्या कपातला चहा थरथरत होता.

"आठ ओळी गातो आणि थांबतो. मग पुन्हा पहिल्यापासून. आज तीनदा झालं. विसरतो की काय हा माणूस?"

ही सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. दुबईच्या देरा भागातल्या एका हॉटेलात मी एंटरटेनमेंट कोऑर्डिनेटर होते. नाव भारदस्त, पण काम साधं. बाहेरदेशांतून जे गाणारे-वाजवणारे कॉन्ट्रॅक्टवर यायचे, त्यांचा व्हिसा, खोली, जेवण, घसा बसला तर डॉक्टर, हे सगळं माझ्याकडे. शिकलात कुठे म्हणाल, तर कुठेच नाही. टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले होते. सगळ्यांशी बोलत सुटते म्हणून मला या कामावर नेऊन बसवलं.

विन्स्टन जमैकाचा. पंचेचाळिशीचा, उंच, पाठीवर जटा, बोलणं अगदी सावकाश. विशीत असताना त्याची एक रेकॉर्ड त्याच्या बेटावर घरोघरी वाजली होती. मग नवी पोरं आली आणि हा जहाजांवर, हॉटेलांत गाऊ लागला. आमच्या लाइनमध्ये बहुतेकांचं असंच होतं, तो म्हणायचा. एक गाणं वर नेतं आणि मग तेच आयुष्यभर गायचं.

त्याच्या कॉन्ट्रॅक्टचे शेवटचे दोन शुक्रवार राहिले होते. रिन्यू झालं तर तो बायकोला बोलावून घेणार होता. कैक दिवसांत दोघं एकत्र राहिलेच नव्हते. नाही झालं तर व्हिसा कॅन्सल, खलास.

मी सरळ त्याच्याकडे गेले. ब्रेकमध्ये तो सावलीत बसून कलिंगड खात होता.

"विन्स्टन, गाणं अर्ध्यात का सोडतोस रे बाबा?"

"मी कुठे सोडतो, आंटी? त्यांनी सोडायला लावलं."

"कोणी?"

"ते टेबलं बडवत होते, त्यांनी."

मग त्याने मला सगळं नीट समजावलं. त्यांच्याकडे डान्सहॉल म्हणून गाण्याचा एक प्रकार आहे; नाव हॉलचं, पण ते बहुतेक रस्त्यावर, कपाटाएवढे स्पीकर लावून चालतं. म्युझिक आधीच तयार असतं, त्याला म्हणतात रिडिम. एकाच रिडिमवर दहा गायक आपापली दहा गाणी म्हणतात. वाजवणं सगळ्यांचं तेच, मग कोणाचे शब्द भारी, कोणाचा आवाज भारी, एवढंच लोक बघतात. आणि आवडलं की नुसत्या टाळ्यांवर भागत नाही. भिंत, पत्रा, टेबल, हाताला लागेल ते बडवतात. तसं झालं की गायकाने तिथेच थांबायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं. याला पुल-अप म्हणतात.

"पुल-अप मिळाला नाही, आंटी, तर समजायचं की बॅग भरा."

मला हसूच आलं. लहानपणी सांगलीला वडील आम्हाला संगीत नाटकाला न्यायचे. पद रंगलं की लोक 'वन्स मोअर' ओरडायचे आणि मरायला टेकलेला राजासुद्धा उठून बसून ते पद पुन्हा म्हणायचा.

हे मी नबीलना सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, हा रस्ता नाही, हॉटेल आहे. गेस्टना वाटतं सिस्टिम बिघडली. पुढच्या शुक्रवारी सगळी गाणी सरळ, शेवटपर्यंत. यल्ला, लागा कामाला."

विन्स्टनने ऐकलं. पुढच्या शुक्रवारी पहिल्या गाण्याला टेबलं वाजली, तो खाली बघून गात राहिला. दुसऱ्याला थोडी वाजली. तिसऱ्याला कोणी हात उचलला नाही. जेवणं आटपायच्या आत अर्ध्या खुर्च्या रिकाम्या आणि वेटर हात बांधून उभे.

"आज काय झालं यांना?" नबील म्हणाले. "गाणी तर पूर्ण म्हटली त्याने."

"म्हणूनच गेले. पाहुण्याने पुन्हा भात मागितला आणि यजमानाने ऐकलंच नाही, तर पाहुणा किती वेळ बसेल?"

मी नबीलच्या घरी जेवले होते. तीन-तीनदा वाढल्याशिवाय हा माणूस कोणाला पानावरून उठू देत नसे.

"पुढच्या वेळी हॉटेलच्या डायरेक्टर येतायत, रिन्यूचं त्याच ठरवणार," ते म्हणाले. "त्यांनाही बिघाडच वाटेल."

"विन्स्टन आधी माइकवर सांगेल. आवडलं तर टेबल बडवा, मी परत सुरू करतो."

"दोनदाच."

"चारदा."

"दोनदा, मॅडम. आणि काचेची टेबलं तिथून हलवा."

डायरेक्टर म्हणजे सत्तरीच्या घरातल्या एक इंग्लिश बाई, पाठ खुर्चीला न टेकता बसणाऱ्या. विन्स्टनने माइकवर सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. पहिल्या गाण्याला पुल-अप झाला. दुसऱ्यालाही झाला. तिसरं त्याचं ते जुनं गाणं. त्याला अख्खं पूलसाइड टेबलं बडवायला लागलं. विन्स्टनने एकदा नबीलकडे पाहिलं आणि तसाच पुढे गात राहिला. दोनदाचा शब्द दिलेला होता ना.

तेवढ्यात बाई नबीलच्या कानाशी वाकल्या. त्यांच्या हातात सूपचा चमचा होता.

"हा थांबत का नाही? मी नीट बडवत नाहीये का?"

नबीलनी हात वर केला आणि हवेत बोट गरगर फिरवलं. विन्स्टनने बँड थांबवला आणि गाणं पहिल्यापासून सुरू केलं.

कॉन्ट्रॅक्ट सीझनभरासाठी रिन्यू झालं. यथावकाश त्याची बायको आली. पहिल्याच शुक्रवारी अगदी पुढच्या टेबलावर बसली, पण हात काही उचलला नाही. मी विचारलं तर म्हणाली, "आंटी, मला हे गाणं पाठ आहे."

तेव्हापासून नवा कलाकार आला की खोलीची किल्ली द्यायच्या आधी मी विचारायचे, तुमच्याकडे गाणं आवडलं की लोक काय करतात? एका बँडने सांगितलं, गप्प बसतात. तेही मी नबीलना आधीच सांगून ठेवलं.